टेनिससाठी शाळा सोडवू नका : नाशिकच्या टेनिस-पालकांना खुलं पत्र

नाशिकच्या टेनिस कोर्टांवर सकाळ-संध्याकाळ मुलांना सोडायला येणाऱ्या सर्व आई-वडिलांना,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपल्या की दर उन्हाळ्यात एकच प्रश्न मला निरनिराळ्या घरांतून येतो. "मॅडम, आठवी झाली. आता नववीपासून शाळा बंद करून पूर्ण वेळ टेनिस केलं तर?" कुणी म्हणतं, नाव शाळेत राहू दे, फक्त परीक्षेला जाऊ. कुणी म्हणतं, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देऊ. कारण विचारलं तर हल्ली कुणी विम्बल्डनचं नाव घेत नाही. उत्तर येतं, अ‍ॅडमिशन. टेनिसच्या जोरावर अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती, नाहीतर निदान स्पोर्ट्स कोट्यातून इथलं चांगलं कॉलेज.

मी इथे बरीच वर्षं टेनिस शिकवते आहे. दुपारच्या वेळी नाशिकची कोर्टं रिकामी असतात, आणि शाळा सोडलेली मुलं दुपारी आली तर फी माझ्याच घरी येणार आहे. तरीही हात जोडून सांगते, नववीत शाळा सोडवू नका. ज्या प्रवेशासाठी तुम्ही हे करायला निघालात, तो प्रवेश शाळेच्याच कागदांवर ठरतो. कोर्टाच्या कडेला उभं राहून दोन मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

तुमचं स्वप्न पोकळ आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, त्यांच्या संघाकडून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठात असताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथली आंतरविद्यापीठ एकेरी स्पर्धा जिंकली आणि मग तो व्यावसायिक टेनिसकडे वळला. ज्या जिल्ह्यातून कविता राऊत धावली, दत्तू भोकनळने ऑलिंपिकला होडी वल्हवली, विदित गुजराथी बुद्धिबळाच्या पटावर मोठा झाला, त्या जिल्ह्यातून टेनिसमध्ये असं एखादं नाव का निघू नये, ही तळमळ मलाही आहे. म्हणूनच रस्ता नीट बघून घ्या म्हणते.

आधी अमेरिकेचं बघू, कारण सगळ्यात जास्त अर्धवट माहिती त्याच्याबद्दल फिरते.

तिथल्या विद्यापीठीय खेळांचा बराचसा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिच्या वरच्या श्रेणीत, डिव्हिजन वनमध्ये, खेळायचं असेल तर आतापर्यंतच्या नियमांप्रमाणे नववी ते बारावी या चार वर्षांत १६ मुख्य विषय पूर्ण झालेले असावे लागतात. एक विषय एक वर्ष शिकलात की तो एक धरला जातो. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन वर्षं, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन, आणि उरलेले ठरवून दिलेल्या विषयांतून. या १६ विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी. त्यातले १० विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच झालेले हवेत.

यात नववी आहे, हे कृपा करून पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडे नववी म्हणजे दहावीच्या आधीचं वर्ष. पास झालं की झालं, ती गुणपत्रिका पुढे कुणी मागत नाही, पुष्कळ घरांत ती सापडतही नाही. तिकडे मात्र नववीचं गणित दहावीच्या गणिताइतकंच मोजलं जातं. आणि नेमकं तेच वर्ष आपण टेनिससाठी मोकळं करायला निघतो.

दुसरी मेख गणिताची. तीन वर्षं गणित लागतं. नववी आणि दहावी मिळून दोन झाली, तिसरं अकरावीत. दहावीनंतर गणित सोडून आर्ट्सला किंवा बिनगणिताच्या कॉमर्सला जायचं असेल, तर हा हिशेब अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरण्याआधी करायचा असतो. बारावी झाल्यावर तो करून काही हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. नववी सुरू झाली की एनसीएएचं घड्याळ सुरू होतं आणि बारावी ठरल्या वेळेत संपावी लागते. टेनिसमध्ये तर आतापर्यंत हे जास्तच कडक राहिलं आहे: बारावी व्हायची त्या वेळेपासून सहा महिन्यांच्या पुढे जाऊन तुम्ही स्पर्धा खेळत राहिलात, तर विद्यापीठातली खेळायची वर्षं कमी होतात. "एक वर्ष गॅप घेऊ, रँकिंग वाढवू, मग अर्ज करू" हा सल्ला इथे फार ऐकू येतो. तो ऐकण्याआधी त्या वर्षाचा नियम एनसीएएच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा, आणि मुलांनाही वाचायला लावा. अर्ज त्यांचा आहे.

सॅट किंवा एसीटी ही अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाची परीक्षा एनसीएएच्या पात्रतेसाठी जानेवारी २०२३ पासून सक्तीची राहिलेली नाही. काही पालकांना ही मोठी सुटका वाटली. पण परीक्षा गेली तेव्हा तिचं वजन शाळेच्या गुणांवर आलं, आणि बरीच विद्यापीठं आपापल्या प्रवेशासाठी ती परीक्षा आजही मागतात.

डिव्हिजन वनचे टेनिस प्रशिक्षक खेळाडूंशी थेट बोलणं सुरू करू शकतात ते दहावीनंतरच्या १५ जूनपासून. म्हणजे तिकडून पहिला फोन येतो तेव्हा तुमच्या मुलीची नववी आणि दहावी होऊन गेलेली असते. त्या फोनवर बॅकहँडची चौकशी होते आणि गुणांचीही होते. गुण कमी असले तर प्रशिक्षकाला ती मुलगी कितीही आवडली तरी तो आपल्याच विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला पटवू शकत नाही.

एका मुलाचं सांगते. दुसऱ्या शहरातल्या अकादमीत आठवीनंतर पूर्ण वेळ खेळलेला. वडील अंबडच्या एमआयडीसीत, घरावर कर्ज काढून त्याला तिकडे ठेवलेलं. सर्व्हिस अशी की समोरच्याला पाऊल हलवायला वेळ मिळू नये. शाळेत फक्त नाव होतं. पुढे तेही राहिलं नाही, आणि दहावी बाहेरून, उशिरा झाली. माझ्याकडे आला तेव्हा अमेरिकेतल्या दोन-तीन प्रशिक्षकांशी त्याचा ईमेल चालू होता आणि त्यांना तो हवाही होता. मग त्यांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका मागितल्या. नववीची नव्हतीच. दहावीच्या तारखेचा मेळ बसेना. ईमेल हळूहळू थांबले. मुलगा गुणी होता, कष्टाळू होता, वडिलांनी काही कमी केलं नव्हतं. या वयाच्या मुलाला आपण चार वर्षं जे करायला सांगितलं ते त्याने मन लावून केलं आणि तरी दार बंद झालं, हे त्याच्या तोंडावर सांगणं फार कठीण असतं. तसं दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आता तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न. "शाळा सात तास खाते, मग खेळायचं कधी?"

मुलांच्या दुखापतींवर काम करणारे अमेरिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून एक सोपी मर्यादा पुढे आली. मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध सरावात जाऊ लागले की अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्याला तेरा तास. आता मोजा. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी दीड तास, झाले साडेसात. शनिवार-रविवार सकाळी दोन-दोन तास, झाले साडेअकरा. दीड तास फिटनेसला. तेरा तास पुरे झाले, आणि शाळेचा एकही तास गेला नाही.

शाळा सोडून दिवसाला पाच-सहा तास कोर्टावर काढणाऱ्या मुलांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहते. उंची झपाट्याने वाढायचं हेच वय. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या जागा अजून कच्च्या असतात. गुडघ्याखाली दुखायला लागतं, टाच दुखते, कोपराची आतली बाजू दुखते. सर्व्हिस करताना कंबर मागे वाकते आणि वळते, तेच हजारदा केलं की पाठीच्या मणक्यात ताणाने बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. मग महिनोन्‌महिने विश्रांती. ज्याला शाळा आहे तो त्या काळात शाळेत जातो, मित्रांत राहतो. ज्याला नाही तो घरात छताकडे बघत पडून राहतो. या वयातल्या मुलांची उमेद खचते ती बहुतेक वेळा इथेच, आणि मग ती उभी करायला प्रशिक्षकाजवळ काही औषध नसतं.

"पण स्पर्धांचं काय?" बरोबर. आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धांत क्वालिफाइंग (पात्रता फेऱ्या) शनिवार-रविवारी आणि मेन ड्रॉ (मुख्य फेऱ्या) सोमवारपासून, शाळेच्या दिवसांत. आपल्या मुलांना त्यातल्या बऱ्याच स्पर्धांसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुण्याला पोहोचेपर्यंत निम्मा दिवस जातो. हे खरंच जड आहे आणि मुंबई-पुण्याच्या मुलांना हा त्रास नाही.

तरी हिशेब मांडून बघा. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस कामकाज ठरवलं आहे. हजेरी ७५ टक्के धरली, तर ५५ दिवस मोकळे मिळतात. प्रत्येक स्पर्धेत तुमचा मुलगा शुक्रवारच्या फायनलपर्यंत पोहोचला तरी अकरा आठवडे झाले. शिवाय दिवाळीची आणि मेची सुट्टी वेगळी. आणि तो दर वेळी फायनलला पोहोचत असेल, तर मग तुम्हाला माझ्या पत्राची गरज नाही! बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरतात. माझी एवढीच विनंती की सोमवारी हरला तर मंगळवारी त्याला परत आणा. आलोच आहोत तर इथे सराव करू, पुढची स्पर्धाही इथेच आहे, असं करत दोन-तीन आठवडे पुण्यात काढले जातात, आणि शाळा बुडते ती खेळण्याने कमी, या राहण्याने जास्त.

स्पर्धेच्या ठिकाणचा वेळही बघा. ऑर्डर ऑफ प्लेमध्ये, म्हणजे दिवसाच्या सामन्यांच्या वेळापत्रकात, मॅच 'नॉट बिफोर बारा' अशी लागते आणि प्रत्यक्षात सुरू व्हायला तीन वाजतात. तोवर सगळी मुलं भिंतीला टेकून मोबाईलमध्ये असतात. त्या तीन तासांत एक धडा सहज होतो. माझ्या गटातल्या एका मुलीने बीजगणिताचं अर्धं पुस्तक असंच कोर्टाबाहेरच्या बाकावर संपवलं. ती काही फार हुशार वगैरे नव्हती, तिच्या आईने बॅगेत रॅकेटशेजारी वही ठेवायची सवय लावली होती.

रँकिंगबद्दलही दोन शब्द. पॉइंट मिळावेत म्हणून कमजोर ड्रॉ, म्हणजे सोपे प्रतिस्पर्धी असलेल्या स्पर्धा, शोधत फिरणं हा आपल्याकडचा एक रोग झाला आहे. अमेरिकेतले प्रशिक्षक आयटाचं रँकिंग विचारतील, पण त्यांची पहिली नजर जाते यूटीआरकडे, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंगकडे. ते १ ते १६.५ असं मोजमाप आहे. त्यात कुणाशी खेळलात आणि किती गेम घेतले हे बघतात, फक्त जिंकलं-हरलं बघत नाहीत. आपल्यापेक्षा बऱ्याच सरस मुलीशी ६-४, ७-५ असं हरलं तरी आकडा वर जाऊ शकतो. कमजोर मुलीला जेमतेम हरवलं तर खाली येऊ शकतो. तेव्हा अवघड ड्रॉ लागला म्हणून विड्रॉ करू नका. वर्षभरात दहा-बारा चांगल्या, नीट निवडलेल्या स्पर्धा पुरतात. दर आठवड्याला बॅग भरायची गरज नाही.

आणि पैसा. "फुल स्कॉलरशिप" हे शब्द एजंट लोक फार सैल वापरतात. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. मुलांच्या संघाला साडेचार, आणि त्या सगळ्या संघात वाटून. म्हणजे मुलग्यांना बहुधा तुकडाच मिळायचा. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा गेली आणि नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत संघात जास्तीत जास्त दहा खेळाडू असा नियम आला. पैसे किती द्यायचे हे त्या त्या विद्यापीठावर आहे. काही विद्यापीठांनी तर खर्चापायी टेनिसचे संघच बंद केले. त्या दहा जागांसाठी युरोप आणि दक्षिण अमेरिकेतली मुलंही रांगेत असतात. डिव्हिजन थ्री या खालच्या श्रेणीत आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. तिथे टेनिसने प्रवेशाला बळ मिळतं, पण आर्थिक मदत घरची परिस्थिती पाहून मिळते, डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत गुणांवरही मिळते. टेनिसची अर्धी आणि अभ्यासाची अर्धी अशा दोन शिष्यवृत्त्या जोडून शिकणारी मुलं तिकडे पुष्कळ आहेत. नववीपासून अभ्यास सोडलेल्या मुलाच्या हातून ही दुसरी अर्धी आधीच गेलेली असते.

इथल्या दारांचंही तेच. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी बीटेकच्या प्रत्येक शाखेत दोन जादा जागा सुरू केल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करावीच लागते. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळा पाठवते, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय तपासते, तिथून तो मंडळाकडे जातो. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय टेनिस स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि त्यात मूल उतरतं ते शाळेचं म्हणून. ज्या शाळेने वर्षभर मुलाचं तोंड पाहिलेलं नाही, तिथले क्रीडाशिक्षक धावाधाव करून त्याचे कागद वेळेत पोहोचवतील ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. आणि 'डमी' शाळांवर, म्हणजे मुलाचं फक्त नाव पटावर ठेवणाऱ्या शाळांवर, आता खरोखर कारवाई होते. सीबीएसईने २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता याच कारणासाठी काढून घेतली.

ज्यांची मुलं अजून पाच-सहा वर्षांची आहेत त्यांच्यासाठी थोडंसंच. पहिलीच्या प्रवेशात टेनिस उपयोगी पडेल म्हणून मुलांना कोर्टावर आणू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची चाचणी घेणंच बेकायदा आहे. या वयात त्यांना लाल चेंडू, छोटं कोर्ट, १९ किंवा २१ इंची रॅकेट द्या. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा खूप हळू आणि कमी उसळतो, म्हणून मुलाला तो कमरेच्या उंचीला मारता येतो. पुढे नारिंगी, मग हिरवा. दहा वर्षांखालच्या स्पर्धा पिवळ्या चेंडूवर घ्यायच्या नाहीत हा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा २०१२ पासूनचा नियम आहे. तरी सात वर्षांच्या मुलाच्या हातात मोठी रॅकेट आणि पिवळा चेंडू देऊन "याला लवकर तयार करा" म्हणणारे पालक मला दर वर्षी भेटतात. डोक्यावरून जाणारा चेंडू मारता यावा म्हणून ते मूल रॅकेटची मूठ वेडीवाकडी धरायला शिकतं आणि ती सवय सोडवायला पुढे काही वर्षं जातात.

आता नाशिकमधल्या मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना एक कळकळीची विनंती, कारण सगळा भार पालकांवर टाकणं बरोबर नाही. पुष्कळ आई-वडील शाळा सोडवायला निघतात ते शाळेच्या अडवणुकीमुळे. स्पर्धेचं पत्र दाखवूनही गैरहजेरी लागते, बुडालेली चाचणी पुन्हा घेतली जात नाही, वर्गात "आले आमचे चॅम्पियन" म्हणून टोमणा बसतो. सीबीएसईने स्वतः राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी हजेरीत सवलत ठेवली आहे, बोर्डाची परीक्षा अशा स्पर्धेशी आली तर ती नंतर देण्याची सोयही केली आहे. मग जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलासाठी शाळेने आपल्या पातळीवर एवढं करावं. वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या स्पर्धांचं वेळापत्रक लेखी घ्यावं. बुडालेल्या चाचणीसाठी एक राखीव दिवस ठेवावा. एका शिक्षकांकडे त्या मुलाचा अभ्यास बघायची जबाबदारी द्यावी. आणि नववीपासूनची गुणपत्रिका दर वर्षी सही-शिक्क्यासह इंग्रजीतही द्यावी. मराठी माध्यमाच्या मुलांना हा कागद पुढे फार लागतो आणि चार वर्षांनी तो मागायला गेलं की जुनं रजिस्टर शोधण्यापासून सुरुवात होते. यात शाळेचा पैसा लागत नाही. तुमच्या शाळेत खेळणारं एक मूल टिकलं तर आमच्या कोर्टावरची दहा मुलं तुमच्या शाळेकडे आशेने बघतील.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचं आहे. आठवीतल्या मुलाच्या बापाला "शाळा की टेनिस, ठरवा" असं विचारू नका. त्या माणसाला आपल्या शब्दाचं वजन वाटतं. तो दोन्ही हातांनी पैसे मोजतो आणि आपण म्हणू ते करतो. दुपारची बॅच भरावी म्हणून त्याला अशा पेचात धरणं आपल्याला शोभत नाही.

पालकहो, कुणाला हे सगळं पटणार नाही, याची मला कल्पना आहे. एखादी मुलगी खरोखरच इतकी विलक्षण निघेल की पंधराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांत वरच्या पायऱ्यांवर खेळेल, आणि तिच्यासाठी वेगळी व्यवस्था लागेल. तशी वेळ आली तर ती तुम्हाला आणि मला निकालांतून दिसेल, आणि तेव्हा आपण तिच्या शाळेत एकत्र जाऊन बसू, मार्ग काढू. ती वेळ येईल या भरवशावर आठवीच्या उन्हाळ्यात दाखला काढून आणू नका.

या जूनपासून माझ्याकडे शाळेच्या वेळेत शाळकरी मुलांची एकही बॅच नसेल. नववी आणि त्यापुढच्या मुलांच्या घरच्यांनी पहिली सहामाही झाली की गुणपत्रिका घेऊन एकदा भेटायला यावं. वर्षाच्या स्पर्धा आपण ती समोर ठेवूनच ठरवू. माझ्याकडे शिकत नसलात तरी या. फी नाही. आणि ज्यांनी या वर्षी दाखला आधीच काढला असेल, त्यांनी प्रवेशाची मुदत संपायच्या आत शाळेत जाऊन भेटा. बहुतेक मुख्याध्यापक मूल परत घेतात. हवं असेल तर मी बरोबर येते.

आपली,
एक टेनिस प्रशिक्षक
गंगापूर रोड, नाशिक